गोळ्या कुणी ओतल्या

माझ्या नवऱ्याचा, व्हर्लिनचा, डावा हात दमायला लागला तेव्हा आमच्या अख्ख्या नेमबाजी क्लबाने त्याचं खापर गोळ्या ओतायच्या साच्यावर फोडलं. मीही फोडलं, आणि फोडताना मनातून जरा बरंच वाटलं, कारण त्या साच्याशी माझं पहिल्यापासून जमलं नव्हतं. लोखंडी, एका वेळी बंदुकीच्या चार गोळ्या पाडणारा, लाकडी मुठींसकट उचलला तर भरलेल्या किटलीएवढा जड. व्हर्लिन तो डाव्या हातात अधांतरी धरायचा, उजव्या हाताने पळीभर वितळलेलं शिसं ओतायचा, जरा थांबायचा, साच्याच्या तोंडावरच्या पट्टीला लाकडाच्या ठोकणीने फटका मारायचा आणि साचा उघडून चार चकचकीत गोळ्या जुन्या टॉवेलवर टाकायचा. मग पुन्हा मिटायचा आणि पुन्हा ओतायचा. सकाळच्या कॉफीपासून जेवणापर्यंत हेच चालायचं. सगळी उमर रेल्वेच्या रुळांवर गेलेली, त्यामुळे काहीतरी जड उचलल्याशिवाय त्याला दिवस गेल्यासारखा वाटत नसे.

आता हात दमतो, बोटांत पेटके येतात, मूठ नीट आवळत नाही, असं त्याने एकदा चर्चमधल्या कॉफीच्या वेळी चुकून बोलून दाखवलं. झालं. आमच्या खोऱ्यात कुणाच्या पोटात दुखलं तर लोक सूप पाठवतात आणि गप्प बसतात, पण ओतकामात कुणाचा हात दुखला की प्रत्येक जण वैद्य होतो. दुसऱ्याच दिवशी शेजारचा लॉनी टर्नक्विस्ट आमच्या गॅरेजच्या दारात उभा राहिला. बार्लीची शेती सोडून जगातल्या बाकी सगळ्या गोष्टी त्याला कळतात.

"अरे, तुझं टेबलच चुकलंय," तो आल्या आल्या म्हणाला. "भट्टी एवढ्या उंचावर ठेवतात का? तू काय देवाला नैवेद्य दाखवतोयस?"

"चाळीस वर्षं इथंच आहे ती," व्हर्लिन म्हणाला.

"म्हणूनच कोपराचे बारा वाजलेत. कोपर बरगडीला टेकलं पाहिजे, म्हाताऱ्या. बघ, असं."

टेबलाचे पाय कापले. कापले म्हणजे मीच कापले, कारण हे दोघे मोजमापावरून भांडत बसले होते. त्यानंतर रॉयस हेगन आला. आमच्या क्लबाचा प्रमुख, बोलणं कमी आणि मिशी भरघोस. त्याने भट्टीच्या कडेला लोखंडाची एक पट्टी आडवी बसवून दिली, म्हणजे ओतताना साचा तिच्यावर टेकवता येईल आणि हाताने नुसता सांभाळायचा. त्याच्यानंतर पुन्हा लॉनी. आपल्या जाळीच्या दाराची लांब स्प्रिंग काढून त्याने ती गॅरेजच्या वाशाला टांगली आणि खाली साचा अडकवला. साचा हवेत तरंगायला लागला. लॉनीच्या घरचं दार पुढे महिनाभर वाऱ्याने आपटत राहिलं, पण कुणाला त्याचं काही नाही.

"अ‍ॅल्युमिनियमचा साचा घे की," मी म्हणाले. "हलका असतो. दोन-दोन गोळ्या पाड, कुणी घड्याळ लावून बसलंय का?"

व्हर्लिनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला नाताळचा लुटफिस्क मासा डब्यातला वाढला होता. "तो साचा नाही आर्डिस, चिमटा आहे."

आणि खरं सांगते, या सगळ्याने फरक पडला. काही आठवडे हात बरा होता. व्हर्लिन स्प्रिंगला टांगलेला साचा एका बोटाने ढकलून दाखवायचा आणि लॉनी बक्षीस मिळाल्यासारखा फुलायचा. मग एका रविवारी चर्चच्या तळघरात त्याच्या हातातून कॉफीचा कप निसटला. कप फुटला त्याचं काही नाही, पण तो उजव्या हातातून निसटला होता. ते माझ्याही लक्षात आलं नाही, कारण मी फरशी पुसायच्या गडबडीत होते.

बिलिंग्जच्या डॉक्टरकडे जायचं मी ठरवलं. त्याने कुरकुर केली, मी ऐकली नाही. मी शाळेची बस चालवायचे. नको म्हणणाऱ्यांना गाडीत कसं बसवायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. निघताना बघते तर हा माणूस जेवणाच्या पिशवीत साचा भरतोय.

"हे कशाला?"

"डॉक्टरला कळायला नको का, कशाने झालं ते? शहरातला माणूस. त्याने साचा कधी बघितला असणार?"

डॉक्टर तरुण होता, नम्र होता. व्हर्लिनने टेबलावर साचा ठेवला तेव्हा तिथली नर्स दोन पावलं मागे सरकली, पण डॉक्टरने तो उचलून पाहिला, मूठ मिटून पाहिली, म्हणाला, "चांगलाच जड आहे." व्हर्लिनला केवढा आनंद झाला! मग त्याने सगळं सविस्तर सांगितलं: टेबलाची उंची, पट्टी, स्प्रिंग, पळी कुठल्या हातात आणि साचा कुठल्या. डॉक्टर मध्ये बोलला नाही. शेवटी त्याने साचा हळूच बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आता दुसरा हात दाखवा."

"त्याला काही झालेलं नाही. त्या हातात नुसती पळी असते."

"तरी दाखवा."

अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जो मांसाचा फुगीर भाग असतो ना, तो व्हर्लिनच्या डाव्या हाताला उरलाच नव्हता, तिथे खळगा पडला होता. ते आम्हाला माहीत होतं, ते आम्ही साच्याच्या नावावर लिहून मोकळे झालो होतो. आता डॉक्टरने त्याचा उजवा हात उजेडात धरला. तिथेही खळगा होता, जरा उथळ.

"या हाताने तर तुम्ही साचा धरत नाही ना?" डॉक्टरने विचारलं.

व्हर्लिन आपल्याच हाताकडे बघत राहिला. मी बोलले. मी डॉक्टरवर ओरडलेच, की हातांचं काय घेऊन बसलात, माणूस जन्मभर रूळ उचलत होता. बिचाऱ्याने ऐकून घेतलं. आणखी दोन खेपा, सुया, तारा, तपासण्या, आणि मग त्याने आजाराचं नाव सांगितलं. नसा मरत जातात, स्नायू वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं आणि श्वास. स्पर्श मात्र शेवटपर्यंत कळतो, असंही तो म्हणाला, आणि ते जणू काही चांगलं आहे अशा स्वरात म्हणाला. औषध विचारलं तर त्याने टेबलाकडे पाहिलं.

परत येताना वाटेभर गवत नुकतं हिरवं झालं होतं. मला रडायचं होतं, पण गाडी मी चालवत होते. बऱ्याच वेळाने व्हर्लिन म्हणाला, "सप्टेंबर गाठायचाय. एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे."

सप्टेंबर म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी हेगनच्या कुरणात आमच्या क्लबाची नेमबाजी असते. ओढ्यापलीकडच्या उतारावर लोखंडी पत्र्याचे मेंढे उभे करतात, एवढे लांब की गोळी लागल्याचा आवाज ऐकायला थांबावं लागतं. जुन्या धर्तीच्या बंदुका, त्यांत भरायची काळी दारू, भरपूर धूर, नंतर भरपूर जेवण. नियम एकच आहे: गोळी स्वतः ओतलेली पाहिजे. बंदूक उसनी चालते, भरायला कुणाची मदत चालते, पण ओतायला नाही. माणूस आपल्या जागेवर जाऊन बसला की रॉयस सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "गोळ्या कुणी ओतल्या?" त्याने म्हणायचं, "मी." बस. कुणी तपासत नाही, कुणी सही घेत नाही. एकाने फार वर्षांपूर्वी दुकानातल्या गोळ्या आणून "मी" म्हटलं होतं. त्याची आई वारली तेव्हा व्हर्लिन दफनाला गेला, मी केलेलं बटाट्या-मांसाचं हॉटडिश त्याच्या घरी पोचवलं, ताट परत आणलं, पण त्या माणसाशी एक शब्द बोलला नाही. असा हा नवरा. त्याला एकदा, शेवटचं, त्या जागेवर बसून "मी" म्हणायचं होतं.

मग मीही हट्टाला पेटले. माझ्या हातात दुसरं होतं काय? आजाराशी भांडता येत नव्हतं, टेबलाशी येत होतं. पळी त्याला झेपेना, म्हणून खालून धार सोडणारी भट्टी आणली. तिच्या दांड्याला मी लांब लाकडी काठी बांधली, म्हणजे बोटांऐवजी कोपराने दाबलं तरी धार सुटेल. साच्याखाली रॉयसची पट्टी होतीच, तिच्यावर मी साबण घासला. साचा ढकलला की सरकायचा, उचलायचा प्रश्नच नाही. खुर्चीला उंच हात लावले. शिसं वितळवणं, वरची मळी काढणं, कथील घालणं ही कामं माझ्याकडे आली, पण उष्णता तो बघायचा. "अजून नाही," म्हणायचा. "अजून थोडं." मग मान हलवायचा आणि काठीवर कोपर टेकायचा.

जूनमध्ये रॉयस येऊन हे सगळं बघून गेला. मीच बोलावलं होतं. मला नंतर कटकट नको होती.

"यात नियम कुठं मोडतो का ते आत्ताच सांग," मी म्हणाले. "नंतर मिशीला पीळ देत बसू नकोस."

रॉयसने साबण लावलेली पट्टी पाहिली, काठी पाहिली, स्प्रिंग ओढून पाहिली. "टेकवलं म्हणून काय झालं," तो म्हणाला. "साचा ज्याच्या हाताने मिटतो, गोळी त्याची."

व्हर्लिनने मान डोलावली. त्याला ते पटलं, आणि पटायलाच हवं होतं, कारण ओतकामातली सगळी कला त्या मिटण्यात असते. दोन्ही अर्धे एकमेकांवर घट्ट बसले नाहीत तर शिसं फटीत शिरतं आणि गोळीला पातळ पाती फुटते. तसली गोळी सरळ जात नाही.

जुलैत पाती फुटायला लागली. आधी चारातल्या एकीला, मग दोघींना. व्हर्लिन गोळी डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि मनगटाने परत भट्टीकडे ढकलायचा. एकदा सकाळभर ओतलेल्या सगळ्या त्याने परत वितळवायला लावल्या. मी एकेक उचलून भट्टीत टाकत होते आणि तो दुसरीकडे बघत होता. त्या दिवशी दुपारी तो जेवला नाही. मीही नाही जेवले, पण ते रागाने.

लॉनीला सांगितलं तर तो धावत एक जाडजूड चिमटा घेऊन आला. मुठींवर लावला की साचा आपोआप घट्ट मिटलेला राहतो, सुताराच्या शिकंज्यासारखा. "घे! आता झोपून ओतलंस तरी चालेल."

"ने परत," व्हर्लिन म्हणाला.

"अरे पण..."

"मग गोळ्या चिमट्याने ओतल्या म्हणायचं का रॉयसला? ने लॉनी. तुझे उपकार आहेत, पण ने."

लॉनी दारापर्यंत गेला, थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "हा तुझा नवरा मरताना पण आपली पेटी आपणच उचलेल." मग आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पडला. व्हर्लिन मात्र हसला. त्यालाच त्या उन्हाळ्यात हसायला जमत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. त्याने मुठींभोवती बोटं गुंडाळली. म्हणजे मीच एकेक बोट उचलून मुठीवर ठेवलं, आणि त्याने आवळायचा प्रयत्न केला. साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये केसाएवढी फट राहिली. मला ती दिसत होती, त्यालाही दिसत होती. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला आणि आवळला.

फट गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. काठीवर कोपर टेकलं आणि धार सुटली. मी ठोकणीने फटका मारला, साचा उघडला, चार गोळ्या टॉवेलवर पडल्या. त्याने वाकून पाहिल्या.

"चांगल्या आहेत," तो म्हणाला.

बस, एवढंच बोलणं झालं. त्यानंतर रोज आम्ही तसेच ओतायला बसलो. तो उष्णता बघायचा, मी त्याच्या हातावर हात ठेवून आवळायचे. गॅरेजचं दार उघडं असायचं, समोरून हेगनची गाडी गेली की मी उगाच हात मागे घ्यायचे. का घ्यायचे? मी काय चोरी करत होते? हात त्याचाच होता ना मुठीवर? मी फक्त वर होते. असं मी स्वतःला समजावायचे, आणि एकदा त्यालाही समजावलं.

"तू 'मी' म्हणायचंस," मी म्हणाले. "ऐकतोयस ना? रॉयस विचारेल, आणि तू सरळ 'मी' म्हणायचंस. साचा तुझ्याच हाताने मिटतो."

"बघू," तो म्हणाला.

"बघू काय बघू? मी काय घरची सगळी कामं सोडून इथं खेळायला बसते?"

"चिडू नकोस गं. उष्णता उतरली बघ, जाळ वाढव."

ऑगस्टच्या शेवटी पुरेशा गोळ्या जमल्या. चाळीस वर्षांत त्याने ओतलेल्यांपैकी त्या सर्वांत चांगल्या होत्या, असं लॉनी म्हणाला, आणि लॉनी उगाच कुणाचं कौतुक करत नाही. बसून, आडव्या काठ्यांवर बंदूक टेकवून, एका बोटाने चाप ओढायचा सराव व्हर्लिनने केला. ते एक बोट अजून ऐकत होतं. मी रोज सकाळी उठल्यावर आधी ते बोट बघायचे.

तो शनिवार उघडा-लख्ख होता, वारा नव्हता. कुरणात गाड्या लागल्या होत्या, बायका टेबलांवर केक आणि हॅम मांडत होत्या. सगळे येऊन व्हर्लिनच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. आता त्याला चालतानाही पाय ओढावा लागत होता, म्हणून लॉनीने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्याला जागेवर नेलं. लॉनीने बंदूक काठ्यांवर टेकवली, त्याचं बोट चापाजवळ ठेवलं. मी मागे जाऊन उभी राहिले. खरं सांगते, मी आनंदात होते. आम्ही गाठला होता सप्टेंबर.

रॉयस त्याच्या मागे येऊन उभा राहिला. इतरांना विचारताना त्याचा आवाज मोठा होता, आता त्याने घसा साफ केला.

"व्हर्लिन स्टोके. गोळ्या कुणी ओतल्या?"

व्हर्लिन समोर मेंढ्यांकडे बघत होता. बराच वेळ. टेबलांकडच्या बायकासुद्धा थांबल्या. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण, अरे एकच तर अक्षर आहे.

"आर्डिसनं," तो म्हणाला.

मग लॉनी म्हणाला, "अरे, असं कसं? मी रोज बघत होतो, याने ओतल्यात! भट्टी हा बघायचा, शिसं हा..."

"लॉनी, गप्प बस," व्हर्लिन म्हणाला.

"रॉयस, तू सांग याला," लॉनी म्हणाला. "सगळ्यांना चालणार आहे. कुणाला नाही चालत? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. रॉयस खाली वाकला, व्हर्लिनच्या कानाशी येऊन म्हणाला, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं: "व्हर्लिन, मी पुन्हा विचारतो. तू पुन्हा उत्तर दे."

"तू एकदाच विचारतोस रॉयस. एवढी वर्षं एकदाच विचारतोयस." मग तो हळूच म्हणाला, "मला उठवा."

त्याला उठवायला मी गेले नाही. दुसऱ्यांनी उठवलं. मी तरातरा आमच्या ट्रककडे गेले आणि आत बसून दार आपटलं. मागून रॉयसने हाक मारली, "आर्डिस, गोळ्या तुझ्या असतील तर जागा तुझी आहे," आणि मी काच खाली करून त्याला असं काही बोलले की जे चर्चच्या बायकांसमोर पुन्हा सांगता येणार नाही. पलीकडे पुढच्या माणसाला विचारणं सुरू झालं. "मी." धूर. मग बऱ्याच वेळाने लोखंडाचा आवाज.

लॉनीने व्हर्लिनला आणून माझ्या शेजारी बसवलं, दार लावलं आणि निघून गेला. जाताना तो रडत होता. एवढा वाह्यात माणूस.

"एक अक्षर," मी म्हणाले. "एकच अक्षर म्हणायचं होतं तुला. मी एवढे महिने मरमर मरतेय, टेबल कापलं, भट्टी आणली, साबण घासला, शिशाचा वास केसांतून जात नाहीये माझ्या. कशासाठी? तू तिथं बसून एक गोळी झाडावीस म्हणून. पुढच्या वर्षी तू..."

"पुढच्या वर्षी मी नाहीये, माहितीये मला."

"मग? कोण तपासणार होतं? देव? देवाला तरी काय पडलंय कुणी साचा मिटला त्याचं!"

त्याचं बोलणं तेव्हा जड व्हायला लागलं होतं. शब्द नीट यावेत म्हणून तो थांबून थांबून बोलायचा.

"माझा जोर गेलाय आर्डिस," तो म्हणाला. "पण कळतं सगळं. डॉक्टर म्हणाला होता ना."

"काय कळतं?"

"तुझा हात माझ्या हातावर असायचा. सुरुवातीला घट्ट असायचा. मग थरथरायला लागला. दुपार झाली की जास्तच. शेवटी शेवटी तर पहिल्याच ओतीला थरथरायचा, आणि तू तसाच आवळून धरायचीस. मला तुझं मनगट दुखतंय ते माझ्या मनगटात कळत होतं." तो थांबला. "आपण सगळे माझ्याच हाताचं ओझं हलकं करत बसलो. तुझ्याकडे कुणी बघितलंच नाही. तुझ्या त्या दुखण्यावर बसून मी 'मी' म्हणू?"

मला हे माहीत नव्हतं. तुम्ही हसाल, पण खरंच माहीत नव्हतं. हात माझा, आणि तो थरथरतोय हे मला दुसऱ्याकडून कळत होतं. सकाळी ब्रश धरता यायचा नाही, बसचं स्टिअरिंग मी कोपराने वळवायला लागले होते, बरणीचं झाकण लॉनीच्या बायकोकडून उघडून आणायचे. पण ते सगळं माझ्या डोक्यात कुठे एकत्र आलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष त्याच्या एका बोटाकडे होतं.

"दुखतोय का गं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आणि मग तो दुखायला लागला. मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून खांद्यापर्यंत, सगळ्या उन्हाळ्याचं एकदम. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "हो रे. फार दुखतोय."

त्याचा हात त्याच्या मांडीवर होता. तो उचलायला बघतोय हे मला त्याच्या खांद्यावरून कळलं; खांदा वर झाला, पण हात जागचा हलला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. समोर कुरणात कुणीतरी मेंढा पाडला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मग मीच त्याचा हात उचलला, माझ्या कोपरावर ठेवला आणि पडू नये म्हणून वरून धरून बसले.